हिरवा दोरा

आमच्याकडे कुकर दोन.
एकाच्या कानाला हिरवा दोरा.
त्यात वरण लावायचं नाही,
हे रामबागेतल्या पाहुण्यांनाही आता पाठ झालंय.
त्यात मी तांदळाची कणी वाफवते,
पिशव्यांत भरते, तोंडाला कापूस कोंबते,
गार झाली की बुरशीला पानावर बसवते.

एकतीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत
माझं काम एवढंच होतं: बुरशी येऊ न देणं.
कुठल्या बशीवर ठिपका दिसला
की चिमट्याने उचल, उकळ, फेक.
मॅडम म्हणायच्या, सुलभाताईंच्या हाताला बुरशी भिते.
रिटायर झाले त्या वर्षी
सिमरोलच्या भेरूलाल पाटीदारने
रुमालाच्या गाठीत माती आणून दिली,
तेराव्या ओळीतल्या जामाखालची.
पेरू म्हणाल तर इंदुरात हसतील,
इथे तो जामच.

माती डबीत ओलवली.
मेणकिड्याच्या पाच अळ्या सोडल्या.
तिसऱ्या दिवशी दोन थांबल्या.
मेल्या, असं वहीत लिहिलं मी,
पण दिसत होत्या थांबल्यासारख्याच,
जिना चढताना काही विसरल्याचं आठवावं तशा.
मग अंगावर पांढरी लव.
मग, नवव्या दिवशी, हिरवं.
कैरीचं नाही, शेवाळाचं नाही,
जुन्या पितळेच्या समईला बोटं लागत नाहीत
त्या खाचेतलं हिरवं.

हे म्हणाले, भात नासला वाटतं.

फळमाशी श्रावणात येते.
जामाला सुई लावते, अंडी ठेवते, निघून जाते.
आतल्या आत गर खाऊन अळी मोठी होते,
फळ गळतं, अळी बाहेर पडते
आणि मातीत उतरते, दोन बोटं खोल,
कोश ओढून निजायला.
तिथे माझी कणी आधीच पसरलेली असते.
संध्याकाळीच टाकायची, उन्हाने बीजाणू मरतात,
माती ओली हवी, आणि घाई नको.
घाई नको, हेच भेरूलालला पटत नाही.
"बेनजी, या दवई तो घणो टेम लेवे."
दुकानातली फवारली की दुपारपर्यंत
माशा पालथ्या दिसायच्या, मोजता यायच्या.
इथे काही दिसतच नाही.
बीजाणू चिकटतो, कोंब काढतो,
कातडीतून आत जातो,
आणि वर माणूस टोपल्या घेऊन उभा.

पहिल्या वर्षी सडक्या जामाच्या अकरा टोपल्या,
दुसऱ्या वर्षी सात.
मी सात ऐकून आनंदले.
तो म्हणाला, सात तो अब्बी भी है.

गेल्या भाद्रपदात खुरप्याने माती उकरली,
पाच-सहा कोश सापडले, हिरवे,
तळहातावर घेतले तर
माझ्याच कणीसारखे, वेगळे करता येईनात.
आणि त्यांच्या शेजारी एक काळा भुंगा,
रात्री फिरतो, गोगलगाईची पिल्लं खातो,
बागेचं कधी काही बिघडवलं नाही त्याने.
सांध्यासांध्यांतून त्याच्याही हिरवं फुटलेलं.
मी भेरूलालकडे पाहिलं.
त्याने पाहिलं होतं.
टाचेने माती सारली, म्हणाला,
चाय पीयोगा?

घरी येऊन वहीत लिहिलं: कोश, सहा.
भुंग्यासाठी रकाना नव्हता.
नंतर पट्टी घेतली आणि रकाना आखला.
त्यात एक लिहिलं.

परवा ह्यांनी चुकून त्या कुकरात डाळ लावली.
ओरडणार होते, पण दोरा पाहिला:
वाफेने विटून पांढरा झालेला,
दोष द्यायचा तरी कुणाला.
डाळ आम्ही खाल्ली. चांगली झाली होती.
राजवाड्याकडे गेले की नवा दोरा आणायचा आहे,
आणि कणी, पाच किलो.
भेरूलालचा फोन होता:
चौदाव्या ओळीत पण टाकू म्हणतो.